निरोपाचे भाषण आणि कार्यभाराची यादी



शेतकी निवासी शाळेचा प्रमुख सेवानिवृत्त होतो किंवा त्याची बदली होते, त्या सुमारास दोन विधी पार पडतात. पहिला सभामंडपात होतो. शाल, श्रीफळ, दोनचार भाषणे, मुलांचे एखादे गीत आणि शेवटी सत्कारमूर्तींचे उत्तर. त्या उत्तरात एक वाक्य हमखास असते : सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सहकार्याविना हे कार्य शक्य झाले नसते. टाळ्या पडतात. दुसरा विधी कार्यालयाच्या खोलीत होतो. त्याला कार्यभाराचे हस्तांतरण म्हणतात. जडवस्तू संग्रह नोंदवही उघडली जाते. खुर्च्या, बाके, घमेली, कुदळी, फवारणी पंप, विहिरीवरची मोटार, स्वयंपाकघरातील पातेली असे सारे मोजून घेतले जाते. गोठ्यातील जनावरे कानांतल्या बिल्ल्यांच्या क्रमांकांवरून पडताळली जातात. एक बादली कमी भरली तरी खुलासा मागितला जातो. आणि तो मागितला जावा हे योग्यच आहे, कारण ती बादली जनतेच्या पैशाची असते.

परंतु कोणत्या वाफ्यात पाणी तुंबते, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, कोणती गाय अनोळखी हाताला दूध देत नाही, आणि वसतिगृहातला कोणता मुलगा सणानंतर घरून परतला की दोन दिवस जेवत नाही, हे त्या यादीत कोठेच लिहिलेले नसते. ते माणसांच्या डोक्यात असते. शेतावरचा मुकादम, गोठ्यातला गडी, स्वयंपाकघरातील बाई, रात्रीचा पहारेकरी ही ती माणसे. सभामंडपातील ते एक वाक्य आणि कार्यालयातील ही यादी यांच्यामधून जे निसटून जाते, तो आजच्या भाषणाचा विषय आहे.

साधी शाळा घंटेवर चालते. शेतकी निवासी शाळेतही घंटा असते, पण तिचे खरे वेळापत्रक पीक, पाणी आणि जनावरे ठरवितात. बारामती-इंदापूरच्या बागाईत पट्ट्यातील आडसाली उसाचेच उदाहरण घ्यावे. त्याची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तो तुटतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातील दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी बेणे लावले, तर त्यांची परीक्षा होऊन ती मुले घरोघरी गेल्यावर सातआठ महिन्यांनी त्या उसाला कोयता लागतो. लावणाऱ्या हातांना त्याचा उतारा कळत नाही, आणि तोडणीच्या वेळी फडाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलांनी लागण पाहिलेली नसते. लागण आणि तोडणी, दोन्ही पाहणारा माणूस शाळेत एकच असतो. तो म्हणजे शेतावरचा कर्मचारी. एका तुकडीचा अनुभव दुसऱ्या तुकडीपर्यंत नेणारा पूल तोच.

दिवाळीच्या सुटीत वर्ग बंद होतात, तेव्हा जिराईत रानात रब्बी ज्वारी कोळपणीला आलेली असते. मे महिन्यात वसतिगृहाला कुलूप लागते, त्याच वेळी उसाची तहान सर्वांत जास्त असते. गोठ्याला तर रविवारही नसतो. गाय बहुधा रात्री किंवा पहाटे माजावर येते, आणि पुढच्या बारा ते अठरा तासांत रेतन झाले नाही तर साधारण तीन आठवडे वाया जातात. पहाटे धार काढणाऱ्या गड्याने ते ओळखले तरच पशुवैद्यकाला बोलावता येते. त्या एका नजरेवर एक वेत अवलंबून असते.

आणि वाफसा? हा शब्द पाठ्यपुस्तकात येतो, त्याची व्याख्याही परीक्षेत विचारली जाते. परंतु जमीन वाफशावर आली की नाही हे व्याख्येवरून कधी कोणाला कळलेले नाही. मूठभर माती उचलायची, दाबायची, सोडायची. ढेकूळ हलक्या बोटाने फुटले तर औत घालावे, चिकटून राहिले तर थांबावे. काळ्या जमिनीत एक दिवस आधी औत गेले तर जे ढेकळाचे रान होते, ते पुढचा सारा हंगाम भोवते. हे ज्ञान मुलाच्या हाताला देणारा शिक्षक अनेकदा हजेरीपटावर शिक्षक म्हणून नोंदलेला नसतो.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत या गोष्टीला विशेष अर्थ आहे. येथे एकाच तालुक्यात दोन मुलूख नांदतात. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. त्याआधी १८७६-७७ च्या दुष्काळाने हा टापू होरपळून निघाला होता. १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले आणि कालव्याच्या पाण्याला आधार मिळाला. कालव्याखालची गावे बागाईत झाली. सुपे-मोरगावकडची आणि इंदापूरच्या माळावरची गावे मात्र पावसाच्या भरवशावर राहिली. निवासी शाळेत या दोन्ही मुलखांतील मुले एका पंगतीला बसतात. एकाच्या घरी पाणी हा रोजचा प्रश्न असतो, दुसऱ्याच्या घरी पाण्याची पाळी.

पाण्याची पाळी हा विषय हलका नाही. कालव्याचे पाणी मिळाल्यावर ते भरपूर द्यावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु भारी काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय नसता अतोनात पाणी दिले की भूजलाची पातळी वर येते, खालचे क्षार पाण्याबरोबर वर चढतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. जमिनीवर पांढरे फूल दिसू लागते, कोंब खुरटतात, आणि एके काळचे सोन्यासारखे रान खारवट किंवा चोपण होऊन बसते. नीरेच्या खोऱ्याने हे फार लवकर पाहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर गटपद्धतीने पाणीवाटप सुरू केले, त्यामागे पाण्याची काटकसर आणि पिकांची फेरपालट हा विचार होता. आणि १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर एक स्वतंत्र पत्रिकाच प्रसिद्ध केली.

त्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. पहिले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे, जे १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले आणि पुढे इलाख्याचे शेतकी संचालक झाले. दुसरे त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांचे. काळ साम्राज्याचा होता. गोऱ्या प्राचार्याने केवळ स्वतःचे नाव छापून सहकाऱ्याचा उल्लेख प्रस्तावनेच्या तळाशी केला असता, तर त्या काळी कोणाच्याही भुवया उंचावल्या नसत्या. मॅन यांनी तसे केले नाही. पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास १९१७ मध्ये प्रकाशित झाला. त्याच्या मुखपृष्ठावर सहस्रबुद्धे, कानिटकर, तम्हाणे या सहकाऱ्यांची नावे आहेत. १९२१ च्या दुसऱ्या ग्रामअभ्यासावर ना. वि. कानिटकर यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. १९२७ मध्ये मॅन सेवानिवृत्त झाले. संस्थाप्रमुखाने सहकाऱ्यांची केलेली कदर निरोपाच्या दिवसापर्यंत थांबत नसते, ती कामाच्या कागदावर अगोदरच उतरलेली असते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पुढे कानिटकर कोरडवाहू शेतीच्या संशोधनातील मान्यवर म्हणून ओळखले गेले. नाव योग्य वेळी छापले गेल्याचा त्यात किती वाटा असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तथापि येथे एक उणीव मान्य केली पाहिजे. नीरेकाठच्या ज्या माणसांनी कोणत्या रानात पांढरे फूल प्रथम आले आणि किती वर्षांत पसरले हे दाखविले असेल, त्यांची नावे मुखपृष्ठापर्यंत पोहोचली नाहीत. आजही बांधावर दारे धरणारा माणूस सर्वांत आधी सांगतो की अमुक कोपऱ्यात पाणी जिरेनासे झाले आहे. त्याचे त्याच वेळी ऐकले तर एक चर खोदून भागते. उशिरा ऐकले तर निचऱ्याची भूमिगत नळयोजना, जिप्सम, हिरवळीच्या खतासाठी धैंचा आणि काही हंगामांची प्रतीक्षा करावी लागते. शेतकी शाळेच्या शेतावर ही चूक घडली तर नुकसान दुहेरी होते, कारण मुले तीच पद्धत घरी घेऊन जातात.

अशा शाळांना खर्च अधिक लागतो, ही तक्रार नवी नाही. पुणे जिल्ह्यातील लोणी येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निवासी शेतकी शाळा चालत असे. शिक्षण मराठीतून, शाळेला स्वतःचे शेत, मुलांच्या राहण्याजेवणाची सोय आणि हाताने केलेले काम, असे तिचे स्वरूप होते. देशभर तिचे नाव एका नमुन्याला पडले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात ‘लोणी नमुना’ आणि ‘पंजाब नमुना’ यांची तुलना केली. पंजाबात नेहमीच्याच माध्यमिक शाळेत शेती हा एक विषय म्हणून शिकविला जाई आणि शाळेजवळ लहानसे शेत असे. आयोगाने पंजाबच्या बाजूला झुकते माप दिले. खर्चाच्या दृष्टीने पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु वर्गात तासाभराने संपणारा शेतीचा विषय आणि गोठ्यात पहाटे चारला सुरू होणारी शेती यांत जो फरक आहे, तो खर्चाच्या रकान्यात उतरत नाही. निवासी शाळेचा अधिक पैसा ज्या माणसांवर जातो, त्या माणसांमुळेच तो फरक पडतो. अंदाजपत्रक आखडताना मात्र कात्री प्रथम त्यांच्यावरच चालते.

निवासी शाळेत शेताइतकेच महत्त्व स्वयंपाकघराला आहे, आणि या बाबतीत महाराष्ट्रात एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, जे पुढे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस म्हणून प्रसिद्ध झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमाने आपल्या शिक्षणाचा भार उचलत. या प्रयोगाचे श्रेय कर्मवीरांना उचितच दिले जाते. पण त्या मुलांचे दोन वेळचे जेवण ज्यांनी चालविले त्या लक्ष्मीबाई कोणत्याही हजेरीपटावर नव्हत्या. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढले. कोठारातले धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने विकले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल उभे राहिले, ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र सर्वत्र पोहोचले, कर्मवीरांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले. हे सारे पाहण्यास लक्ष्मीबाई नव्हत्या. तरीही रयतचा इतिहास सांगताना आज कोणीही त्यांचे नाव वगळत नाही, ही त्या संस्थेची मोठी मिळकत म्हटली पाहिजे. प्रत्येक वसतिगृहात लक्ष्मीबाई असाव्यात अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. मंगळसूत्र विकण्याची वेळ येऊ न देणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे. परंतु मुलगा जेवला की नाही हे भाकरी मोजणाऱ्या बाईला मुख्याध्यापकापूर्वी कळते, हे आजही तितकेच खरे आहे.

बारामतीत १९७१ साली डॉ. अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने कृषी विकास प्रतिष्ठान स्थापन झाले. माळेगाव खुर्दच्या माळावर शारदानगर उभे राहिले. शाळा, महाविद्यालय, वसतिगृहे, कृषी विज्ञान केंद्र अशी कामे तेथे वाढत गेली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला आणि या भागातील माणसांनी पाझर तलावांच्या व रस्त्यांच्या कामांवर दिवस काढले. ज्यांनी तेव्हा डोक्यावर माती वाहिली, त्यांचीच नातवंडे आज ठिबक सिंचनाच्या नळ्यांची जोडणी शिकतात. अशा परिसरातील शेतकी संस्थांना भेट देणारे पाहुणे प्रयोगशाळा, रोपवाटिका, हरितगृहे पाहतात, छायाचित्रे घेतात. रोपवाटिकेत वाकून रोपांच्या मुळांची माती सारखी करणाऱ्या स्त्रीशी दोन शब्द बोलणारा पाहुणा विरळा. कोणत्या वाफ्यातील रोप लावल्यावर जगते आणि कोणते मरते, याचा तिचा हिशेब बहुधा बिनचूक असतो.

आता प्रश्न असा की हे सारे सांगावयाचे कशासाठी? कारण ही माणसे कमी होत आहेत. आश्रमशाळांच्या आकृतिबंधात अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी अशी पदे नावानिशी असतात. तरी पद मंजूर असणे आणि पदावर माणूस असणे यांत अंतर पडते. जुना कर्मचारी निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, किंवा काम ठेक्याने दिले जाते. ठेक्यावरचा माणूस कमी प्रामाणिक असतो असे मुळीच नाही. तो अकरा महिन्यांनी जातो, एवढीच अडचण आहे. आणि आडसाली ऊस सोळा महिन्यांचा असतो. ज्याला पुढल्या हंगामात येथे असण्याची खात्री नाही, त्याने कोणत्या कोपऱ्यात पाणी जिरत नाही हे कोणासाठी लक्षात ठेवावे?

पदे भरणे हे शाळाप्रमुखाच्या हाती नसते. परंतु जाण्यापूर्वीचे दोन महिने त्याच्या हाती असतात. या काळात त्याने सत्काराचे दिवस मोजण्याऐवजी एक साधी वही घ्यावी, मुकादमाबरोबर एकेक वाफा फिरावा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढावे. सुधारून, शुद्ध करून नव्हे. ‘लिंबाखालच्या रानात तिसऱ्या दिवशी औत घालू नये’ हे वाक्य जसेच्या तसे उतरले पाहिजे. गोठ्यात बसून प्रत्येक जनावराची खोड लिहावी. स्वयंपाकघरात बसून कोणत्या महिन्यात किती पीठ लागते, यात्रेनंतर मुले किती कमी जेवतात, कोणत्या मुलाला कोणते अन्न बाधते हे टिपून घ्यावे. लिहून झाले की ते ज्याने सांगितले त्याला वाचून दाखवावे आणि खाली त्याचे नाव घालावे. मग ही वही जडवस्तू संग्रह नोंदवहीच्या शेजारी कार्यभाराच्या यादीत एक क्रमांक देऊन नोंदवावी. नवा प्रमुख पोचपावती देताना तिचीही पोच देईल. यास कोणतीही नवी मंजुरी लागत नाही, खर्च एका वहीचा आहे.

पंचायत सदस्यांनाही येथे करण्यासारखे आहे. शाळेच्या वहीची एक प्रत गावाच्या दप्तरी राहिली तर प्रमुख बदलला, संस्थाचालक बदलले, तरी गावाजवळ ती राहते. शिवाय शेतावरचे व वसतिगृहातले पुष्कळ कर्मचारी याच पंचक्रोशीतील असतात. ग्रामसभेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, आदर्श शिक्षकाचा होतो. त्याच सभेत एखाद्या वर्षी वीस वर्षे रात्रीचे पाणी धरणाऱ्याचे नाव पुकारले जाण्यास हरकत कोणाची आहे? नाव पुकारावे ते पूर्ण, वडिलांच्या नावासह. ‘आपले मामा’ किंवा ‘आपल्या मावशी’ असे नव्हे. वसतिगृहातील मुले त्यांना मामा-मावशी म्हणतात ते जिव्हाळ्याने, परंतु दप्तरात माणसाला त्याचे नाव असावे.

याच कारणाने निरोपाचे भाषणही थोडे बदलावे लागेल. ‘सर्वांच्या सहकार्याने’ या दोन शब्दांत सहकार्य करणारा कोणीच सापडत नाही. कोणी काय केले हे सांगितले तरच कौतुक खरे ठरते : अमुक साली पुराच्या रात्री गोठ्यातली जनावरे कोणी माळावर काढली, साथीच्या दिवसांत वसतिगृहात कोण थांबले, कोणाच्या सांगण्यावरून उत्तरेकडचा चर खोदला आणि दोन एकर रान वाचले. त्यात प्रमुखाच्या स्वतःच्या चुकाही याव्यात. मुकादम नको म्हणत असता आपण घाईने पेरणी करविली आणि ती वाया गेली, असे जाणारा मुख्याध्यापक भरसभेत म्हणाला, तर त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. आणि नव्या मुख्याध्यापकाला पहिल्याच दिवशी कळते की या शेतावर कोणाचे ऐकायचे.

असे समारंभ बहुधा दुपारी सुरू होतात आणि लांबतात. पाहुण्यांची भाषणे संपता संपता मागच्या रांगेतला एखादा माणूस घड्याळाकडे न पाहताच उठतो, टोपी सारखी करतो आणि हळूच मंडपाबाहेर पडतो. व्यासपीठावरून त्याचे नाव घेतले जाईल तेव्हा तो तेथे नसण्याचीच शक्यता अधिक. आवर्तन सुटलेले असते, शाळेच्या रानाची पाळी सायंकाळची असते, आणि बांध कोठे फुटतो हे त्याला ठाऊक असते.